अंड्यावर दाण्याची सत्ता

आपल्या बाजारात अंडे नगावर विकले जाते. दूध घेताना पाण्याचा संशय येऊन गवळ्याला हटकणारे, आंबा घेताना देठाजवळ हुंगून पाहणारे, तांदळाचा दाणा दाताखाली फोडून जुन्या-नव्याची पारख करणारे चोखंदळ गिऱ्हाईक अंड्यांच्या ढिगापुढे उभे राहिले, की आकार आणि कवचाचा रंग या दोनच गोष्टी पाहते आणि पैसे मोजून मोकळे होते. घाऊक व्यापारात भाव शेकड्याचा, किरकोळीत डझनाचा किंवा तीस अंड्यांच्या ट्रेचा. कवचाआड काय आहे याची विचारपूस करण्याचा शिरस्ता ना व्यापाऱ्याच्या पेढीवर आहे, ना गृहस्थाच्या स्वयंपाकघरात. या उदासीनतेच्या मुळाशी एक समजूत आहे, ती अशी की अंडे सृष्टीनेच मोहोरबंद करून पाठविलेले असल्यामुळे सर्व अंडी आतून सारखीच असावयाची. दुसऱ्या बाजूस, ज्यांनी परसात दहा-वीस कोंबड्या पाळल्या आहेत अशा मंडळींत नेमकी उलट समजूत रूढ आहे: कोंबडीच्या चोचीपुढे जे टाकावे तेच अंड्यात उतरते, यास्तव खुराक चांगला असला म्हणजे अंडे सर्वांगाने चांगले झालेच पाहिजे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय या दोन समजुतींच्या मधल्या मुलखात आहे. आणि तो मुलूख वाटतो तितका सपाट नसल्यामुळे वाचकाला आत सोडण्यापूर्वी त्याच्या चतुःसीमा दाखवून देणे हे प्रस्तावनाकाराचे काम होय.

कोंबडीचे शरीर या बाबतीत एखाद्या जुन्या संस्थानच्या जामदारखान्यासारखे वागते. काही नेमणुका सनदेने बांधलेल्या असतात. वसूल कमी आला म्हणून त्यांच्या रकमेत काटछाट होत नाही, कारभारी फार तर देण्याची खेप पुढे ढकलतो. काही रकमा केवळ वसुलावर अवलंबून असतात; आवक वाढली की वाढतात, आटली की आटतात. आणि काही देणी अशी असतात, की वसूल आला नाही तरी ती चुकवावीच लागतात, मग त्यासाठी घरचे सोनेनाणे मोडावे लागले तरी बेहत्तर. अंड्यातील प्रथिने, पाणी आणि कोलेस्टेरॉल ही पहिल्या वर्गातली होत. खाद्यातली प्रथिने कमी पडली, तर कोंबडी अंडी कमी घालील, लहान घालील, शेवटी घालणे बंदही करील. परंतु जे अंडे घालील त्यातील प्रथिनांचे प्रमाण ती सहसा ढळू देत नाही. पिवळ्या बलकाचा रंग, त्यातील स्निग्धाची जात, अ, ड आणि ई ही जीवनसत्त्वे, ब वर्गातील कित्येक जीवनसत्त्वे, आयोडीन आणि सेलेनियम ही दुसऱ्या वर्गात येतात, आणि यांच्यावर खाद्याचा अंमल जवळजवळ निरंकुश आहे. तिसऱ्या वर्गात एकटे कवच. ते घडविण्यासाठी कोंबडी स्वतःच्या हाडांना हात घालते. ग्रंथाची सारी प्रकरणे या त्रिविध व्यवस्थेभोवती फिरतात, आणि ज्याने ती नीट ध्यानात घेतली त्याला पुढील कोष्टके पाठ करण्याचे कारण उरत नाही.

कोंबडीच्या आहाराचा विचार हा केवळ धंद्याचा विषय आहे असे मानणाऱ्यांसाठी एका जुन्या प्रसंगाचा उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. जावा बेटावरील बटाविया येथील लष्करी रुग्णालयात क्रिस्तियान आइकमान नावाचे डच वैद्य बेरीबेरीचे जंतू शोधीत होते. 1889 च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेच्या आवारातील कोंबड्या एकाएकी लुळ्या पडू लागल्या, आणि काही महिन्यांनी त्याच कोंबड्या कोणी औषध न देता उठून चालू लागल्या. चौकशीअंती निघाले ते इतकेच, की मधल्या काळात त्यांना रुग्णालयाच्या मुदपाकखान्यात उरलेला, सडून पांढरा केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता, आणि नव्याने आलेल्या आचाऱ्याने लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना देण्यास साफ नकार दिल्यामुळे त्यांच्या वाट्याला पुन्हा कोंड्यासकटचा तांदूळ आला होता. आचाऱ्याच्या त्या काटेकोर हिशेबीपणातून जीवनसत्त्वांच्या शास्त्राचे एक दार उघडले, आणि 1929 साली आइकमान यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. माणसाच्या आहाराबद्दल आज आपण जे जाणतो त्यातले पुष्कळसे प्रथम कोंबडीने आजारी पडून सांगितलेले आहे. हे ऋण आपल्याकडील आहारविषयक पुस्तकांतून फारसे मान्य केलेले दिसत नाही.

आता कवचाकडे वळू, कारण पाळणाऱ्याचा पैसा प्रथम तेथेच फुटतो. पंचावन्न ग्रॅमच्या अंड्याचे कवच पाच-सहा ग्रॅम भरते, जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि त्यातील सुमारे 95 टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली ओळखीची चुनखडीच. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. वर्षाला तीनशे अंडी घालणारी, दीड किलो वजनाची व्हाइट लेगहॉर्न कोंबडी या हिशेबाने सहाशे ग्रॅम कॅल्शियम कवचांतून बाहेर टाकते, आणि तिच्या सबंध देहात कोणत्याही एका वेळी असते ते अवघे वीस ग्रॅमच्या आसपास. स्वतःच्या सांगाड्याच्या तीसपट ऐवज वर्षभरात देऊन टाकणारा दुसरा पाळीव प्राणी माझ्या तरी माहितीत नाही. दिवसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम खाद्य तिच्या पोटात जाते. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असावे लागते ते याचमुळे, कारण खाल्लेल्यापैकी निम्म्याहून थोडे अधिकच काय ते अंगी लागते.

तथापि केवळ प्रमाण साधून भागत नाही, वेळही साधावी लागते. आणि ग्रंथकारांनी ज्या प्रकरणात या वेळेचा उलगडा केला आहे ते मला सबंध ग्रंथात सर्वांत सरस वाटले. अंडे कवचग्रंथीत सुमारे वीस तास असते, आणि त्यातला कवच भराभर चढण्याचा काळ बहुतांशी रात्रीचा. नेमके त्याच वेळी शेडमधले दिवे मालवलेले असतात, कोंबडी दांडीवर किंवा पिंजऱ्यात स्वस्थ बसलेली असते आणि तिच्या पोटात नवा दाणा जात नाही. संध्याकाळी खाल्लेल्या पिठासारख्या बारीक चुनखडीचा मध्यरात्रीपर्यंत निकाल लागून गेलेला असतो. मग रक्त कॅल्शियम आणते कोठून? तर मांडीच्या आणि नळीच्या हाडांच्या पोकळीत, तलंग अंड्यावर येण्याच्या दोनेक आठवडे आधी, एक जाळीदार अस्थी निर्माण होते, जी कोंबड्याच्या हाडांत कधीच नसते. रात्री ती विरघळते आणि दिवसा पुन्हा भरली जाते. खाद्यातील चुनखडीचा काही भाग जाडसर खड्यांच्या किंवा शिंपल्यांच्या चुऱ्याच्या रूपाने दिला, तर ते खडे पेषणीत अडकून रात्रभर सावकाश विरत राहतात आणि हाडांवरचा भार हलका होतो. कोंबडीला हे उपजतच कळत असावे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवून पाहावा: सकाळी त्याकडे ढुंकून न पाहणाऱ्या त्याच कोंबड्या दुपार कलताना दाण्याची गव्हाण सोडून त्या भांड्याभोवती गर्दी करतात, चोचीने वरचा चुरा उडवून तळचे मोठे तुकडे निवडून काढतात, आणि ज्या कोंबडीच्या पोटात त्या दिवशी अंडे धरलेले नाही ती त्या गर्दीत फारशी दिसत नाही. ज्या कोंबडीला हा पुरवठा दीर्घकाळ मिळत नाही, तिची ती जाळीदार अस्थी संपून मूळ हाडेच झिजू लागतात; पिंजऱ्यात एका कुशीवर पडलेली, पायांवर उभी न राहणारी कोंबडी हे त्याचे पर्यवसान. तिच्या शेवटच्या अंड्याचे कवच पुष्कळदा धडधाकट असते.

याच कॅल्शियमचा अतिउत्साह तलंगांच्या बाबतीत मात्र घातक ठरतो. अंड्यावर येण्यास बराच अवकाश असलेल्या पिलांना अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य चारले, म्हणजे त्यांची मूत्रपिंडे खराब होतात आणि काळजावर खडूसारखा पांढरा थर बसलेली पाखरे मरू लागतात. दोन प्रकारचे खाद्य ठेवण्याची कटकट नको म्हणून सगळ्यांना एकच पोते फोडणारे पालक या गोष्टीला रोग समजतात आणि औषधाच्या दुकानाकडे धावतात. स्फुरदाचेही तसेच: ते कमी पडून चालत नाही आणि जादा झाले तर कवच बिघडविते. धान्यातले बरेचसे स्फुरद फायटेटच्या रूपात जखडलेले असल्यामुळे ते सोडविणारे फायटेज विकर हल्ली खाद्यात घालतात. ड जीवनसत्त्वावाचून या दोहोंचाही उपयोग होत नाही, हे सांगितले की या बाबीपुरते पुरे.

उन्हाळ्याचा विषय मात्र इतक्यावर आटोपता येणार नाही. जळगाव, अकोला, चंद्रपूर या बाजूस एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 अंशांवर जातो आणि अंड्यांची कवचे पातळ पडतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे; त्याचे खापर नेहमी खाद्य बनविणाऱ्यावर फुटते. कोंबडीला घाम येत नाही. उष्मा बाहेर टाकण्याचा तिचा एकमेव मोठा मार्ग म्हणजे चोच उघडून धापा टाकणे. आणि धापेबरोबर रक्तातला कर्बवायू बाहेर जातो. कवचातील कार्बोनेट याच कर्बवायूपासून तयार होत असल्यामुळे चुनखडी मुबलक असूनही कवचाचा दुसरा घटक अपुरा पडतो. त्यात गर्मीने भूक मरते. शंभर ग्रॅमऐवजी ती ऐंशीच खाऊ लागली तर चार टक्क्यांचे खाद्यही जेमतेम सव्वातीन टक्क्यांच्या किमतीचे होऊन बसते. पाण्यातून किंवा खाद्यातून खाण्याचा सोडा देणे, दाणा भल्या पहाटे आणि ऊन उतरल्यावर टाकणे, खाद्य अधिक कसदार करणे, हे इलाज त्यातूनच निघाले. अमेरिकेत कोंबड्यांना सोडावॉटर पाजण्याचा प्रयोगही झालेला आहे, आणि कवच सुधारले असा त्याचा निष्कर्ष निघाला. आपल्या पालकाला मात्र तो शौक परवडण्याजोगा नाही. पाण्याबद्दल एक सूचना ग्रंथात दोन ओळींत आली आहे, ती मी येथे ठळक करतो: विंधन विहिरीचे पाणी मचूळ असेल तर त्यातील मीठच कवच बिघडवू शकते, आणि मग खाद्याचे सूत्र कितीही बदलले तरी फुटक्या अंड्यांचे ट्रे कमी होत नाहीत.

पिवळ्या बलकाची कथा निराळी. तो यकृतात घडलेल्या द्रव्यांपासून बनतो. ती द्रव्ये रक्तावाटे बीजांडात येऊन थरावर थर चढतात, आणि मुख्य वाढ शेवटच्या आठ-दहा दिवसांत होते. सुदान नावाचा, स्निग्धात विरघळणारा तांबडा रंग एकेका दिवसाआड चारून, पुढे ते अंडे उकडून मधोमध कापले, तर बलकावर झाडाच्या खोडातल्यासारखी तांबडी-पिवळी वलये स्पष्ट दिसतात: कोणत्या दिवशी काय खाल्ले त्याचा रोजमेळच तेथे लिहिलेला असतो. खाद्य बदलल्याचा परिणाम बलकाच्या रंगावर पुरता दिसण्यास आठ-दहा दिवस का लागतात, हे त्यावरून कळते.

हा रंग पिवळ्या मक्यातून, लसूणघासातून, हिरव्या पाल्यातून आणि झेंडूच्या पाकळ्यांतून येणाऱ्या ल्युटीन व झिअॅझँथिन या द्रव्यांचा असतो. कोंबडीला ती स्वतः तयार करता येत नाहीत. मिळाली की ती पायांच्या कातडीत आणि चोचीत साठविते, आणि अंडी सुरू झाली की तिकडचा पुरवठा तोडून बलकाकडे वळविते. अनुभवी पालक खुडूक आणि आळशी कोंबड्या निवडताना अंड्यांची मोजदाद करीत बसत नाही. तो पाय पाहतो. सहा महिने अंड्यावर असलेल्या कोंबडीचे पाय फिकट पांढुरके झालेले असतात, आणि जिचे पाय हळदीसारखे पिवळे राहिले आहेत ती फुकटचे खात बसलेली आहे असे खुशाल समजावे.

मक्याचा भाव चढला की खाद्य बनविणारा तांदळाच्या कणीकडे, ज्वारीकडे किंवा बाजरीकडे वळतो, आणि दहा-बारा दिवसांनी शहरातून तक्रार येते की अंडी ‘फिकी’ निघाली, म्हणजे निकस निघाली. ही तक्रार मला विशेष विचार करण्याजोगी वाटते, कारण ती जितकी प्रामाणिक तितकीच निराधार आहे. कणीवर पोसलेल्या कोंबडीच्या फिकट बलकात प्रथिने मक्याच्या अंड्याइतकीच असतात. अ जीवनसत्त्व खाद्यात वेगळे मिसळले असेल तर तेही तितकेच असते, आणि ते बलकाला रंग देत नाही. बाजरीच्या बाबतीत तर गंमत अशी, की तिच्यावर पोसलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांत, हृदयाला हितकारक म्हणून ज्यांची आज वाखाणणी होते ती ओमेगा-3 स्निग्धे मक्याच्या अंड्यांहून अधिक आढळली आहेत. म्हणजे गिऱ्हाईक ज्याला निकस म्हणून परत करते, त्यात त्याच्या प्रकृतीला अधिक मानवणारे असे काही असू शकते. उलटपक्षी केशरी बलक हा मिरचीतल्या तांबड्या रंगद्रव्याचाही असू शकतो, आणि धंद्यात पंधरा पट्ट्यांचा रंगपंखा हाती धरून बलकाला हवी ती छटा आणून देणारी द्रव्ये उघडपणे विकली जातात. झेंडूच्या अर्काला माझी हरकत नाही, ल्युटीन हे डोळ्यांना उपयुक्तच आहे. पण रंग चढविलेल्या अंड्याला ‘पौष्टिक’ म्हणून चढा भाव घेणे हा व्यवहार मला सचोटीचा वाटत नाही, आणि ग्रंथकार या मुद्द्यावर माझ्यापेक्षा बरेच सौम्य आहेत.

कवचाच्या रंगाविषयी एवढेच सांगावे, की तो कोंबडीच्या जातीचा गुण आहे, खाद्याचा नव्हे. तपकिरी कवच म्हणजे गावरान, आणि गावरान म्हणजे दुप्पट भाव, हे समीकरण शहरात इतके पक्के झाले आहे की पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून तपकिरी करण्यापर्यंत काही जणांची मजल गेलेली आहे. ऱ्होड आयलंड रेड जातीची कोंबडी चोवीस तास पिंजऱ्यात बसून कारखान्याचे खाद्य खात असली तरी तिचे अंडे तपकिरीच निघते. कवचाच्या रंगावर खाद्याचा परिणाम घडविणारा एक अपवाद मला ठाऊक आहे, तोही दोषाचा: मांसाच्या पिलांना देण्याचे निकारबाझिन हे औषध मिसळलेले पोते चुकून अंड्यावरच्या कोंबड्यांपुढे आले, तर तपकिरी कवचे पांढुरकी पडतात, बलकावर डाग येतात आणि उबवणीस ठेवलेली अंडी वाया जातात.

मग गावरान अंडे खरोखरच श्रेष्ठ असते काय? उकिरडा उकरणारी, बांधावरचे कोवळे गवत खुडणारी, किडे आणि वाळवी टिपणारी, उन्हात अंग फुलवून धुळीत लोळणारी कोंबडी ई जीवनसत्त्व, ओमेगा-3 स्निग्धे आणि ड जीवनसत्त्व यांत पिंजऱ्यातल्या बहिणीपेक्षा सरस अंडे देऊ शकते, हे मान्य करावयास हवे. परंतु हा वसूल हंगामी आहे. श्रावण-भाद्रपदात, जेव्हा अवघा शिवार हिरवा असतो, तेव्हा तिचे अंडे उत्तम. आणि वैशाखात, जेव्हा मातीत किडा नाही आणि बांधावर काडी नाही, तेव्हा तीच कोंबडी मूठभर ज्वारीवर दिवस काढते आणि तिच्या अंड्यात त्या मुठीपलीकडचे फारसे काही नसते. दैवदुर्विलास असा की अंडे सर्वांत उत्तम निघण्याच्या ऐन श्रावणात मराठी घरांतून ते वर्ज्य असते आणि बाजारात त्याचा भाव पडलेला असतो.

खाद्यामुळे अंड्यात गुण उतरतात तसे दोषही उतरतात, आणि त्यांतला सर्वांत लबाड दोष सरकीच्या पेंडीचा. विदर्भ-खानदेशात ही पेंड स्वस्त आणि मुबलक. गाईम्हशींना ती बेलाशक चालते, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात तिच्यातले गॉसिपॉल हे अपायकारक द्रव्य बऱ्याच अंशी निकामी होते. कोंबडीला ही सोय नाही. पेंड खाल्लेल्या कोंबडीचे अंडे घातल्या दिवशी फोडून पाहिले तर निर्दोष दिसते. पालक निर्धास्तपणे माल रवाना करतो. पुढे शीतगृहात किंवा वखारीत काही आठवडे गेल्यावर अंड्यातील आम्लता कमी होत जाते, बलकातले लोह मोकळे होऊन गॉसिपॉलशी संयोग पावते आणि बलक शेवाळी किंवा तपकिरी पडतो. सरकीच्या तेलातील दुसऱ्या एका जातीच्या आम्लांमुळे बलकाभोवतीचे पातळ आवरण सच्छिद्र होऊन पांढरा भाग गुलाबी होतो, तो प्रकार आणखी वेगळा. अशा रीतीने अपराध शेतावर घडतो आणि त्याची कैफियत व्यापाऱ्याला द्यावी लागते. गिऱ्हाईक म्हणते अंडी सडकी दिली, आणि व्यापारी ज्याच्याकडून माल घेतला त्याचे नावही विसरलेला असतो. खाद्यात हिराकस मिसळली असता तिच्यातील लोह गॉसिपॉलला पोटातच अडकवून ठेवते, हा त्यावरचा जुना आणि स्वस्त उपाय ग्रंथात प्रमाणासह दिला आहे.

मासळीच्या वासाचा प्रश्नही याच जातीचा. कोकणपट्टीवर सुकट आणि मासळीची भुकटी खाद्यात घालणे स्वाभाविक आहे, आणि प्रथिनांच्या दृष्टीने तिच्या तोडीचे दुसरे खाद्य शोधून सापडावयाचे नाही. पण प्रमाण वाढले की ऑम्लेटला बोंबलाचा वास येऊ लागतो. मौजेची गोष्ट ही, की मासळीला न शिवणाऱ्या, केवळ मोहरीवर्गीय पेंड खाणाऱ्या काही तपकिरी अंड्यांच्या कोंबड्यांचीही अंडी तशीच वासट निघत. त्या कोंबड्यांच्या आनुवंशिकतेत एक उणीव असते. ट्रायमिथिलअमीन नावाचे वासट द्रव्य मोडून टाकणारे विकर त्यांच्या अंगी पुरेसे नसते, आणि ते द्रव्य सरळ बलकात जाऊन बसते. एकच खाद्य एका शेडमध्ये निर्दोष आणि शेजारच्या शेडमध्ये सदोष का ठरते, या वादाचा निकाल अशा रीतीने कोंबडीच्या रक्तात लागला.

पांढऱ्या बलकावर खाद्याची सत्ता फारशी चालत नाही. 1937 साली रेमंड हॉ या अमेरिकन गृहस्थांनी, काचेवर फोडलेल्या अंड्याच्या दाट पांढऱ्या भागाची उंची आणि अंड्याचे वजन यांवरून गुणांक काढण्याचे जे सूत्र बसविले, तेच आजही जगभर वापरात आहे. परंतु तो गुणांक कोंबडीच्या वयाने आणि अंड्याच्या शिळेपणाने जितका उतरतो, तितका खाद्याने क्वचितच. व्हॅनेडियमचा अंश असलेले खनिज स्फुरद हा एक कुप्रसिद्ध अपवाद. एरवी वैशाखात पत्र्याखाली चार दिवस ठेवलेल्या अंड्याचा पाण्यासारखा पसरणारा बलक पाहून खाद्यवाल्याशी भांडणे व्यर्थ आहे.

खाण्याचे अंडे आणि उबवणीचे अंडे यांची गुणवत्ता एकच नव्हे, हा भेद ग्रंथकारांनी फार चांगला मांडला आहे. रिबोफ्लेविन कमी असलेले अंडे माणसाने खाल्ले तर त्याला काही कळणार नाही. तेच अंडे रवणीला बसविलेल्या कोंबडीखाली किंवा यंत्रात ठेवले, तर पिलू कवचातच मरते किंवा बाहेर पडून पायाची बोटे आत वळवून घोट्यावर चालते. ब-12 चे उदाहरण त्याहून बोधप्रद आहे. केवळ धान्य आणि पेंड यांवर पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबडीला हे जीवनसत्त्व वेगळे द्यावे लागते, कारण वनस्पतीत ते नसतेच. मात्र गादी पद्धतीत, भाताच्या तुसावर मोकळी सोडलेली कोंबडी त्या तुसात कुजत असलेल्या विष्ठेतूनच ते उचलते. 1948 साली ब-12 वेगळे काढले जाण्यापूर्वी ‘प्राणिज प्रथिनांतील अज्ञात घटक’ म्हणून ज्याचा शोध चालला होता तो हाच. स्वच्छतेची अतिरेकी आवड असलेल्यांना हे वाचून कसेसे होईल, पण शरीरशास्त्राला त्याचे सोयरसुतक नाही.

अलीकडे जवस चारून ओमेगा-3 कित्येक पट वाढविलेली अंडी आकर्षक डब्यांतून विकली जाऊ लागली आहेत. दुसऱ्या वर्गातील रकमा वसुलाबरोबर वाढतात या नियमाचे हे सरळ उदाहरण असल्याने त्यात चमत्कार काही नाही. विदर्भात पिकणाऱ्या जवसाला त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले तर आनंदच आहे. मात्र जवसाचे प्रमाण शेकडा दहाच्या घरात गेले की अंड्याची चव बिघडू लागते, आणि तेल खवट होऊ नये म्हणून ई जीवनसत्त्वाची जोड द्यावी लागते. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ अंड्याची भाषा कोणी केली तर वाचकाने पहिल्या वर्गाची आठवण ठेवून सरळ पुढच्या दुकानात जावे.

ग्रंथात एक उणीव मला जाणवली. खाद्याच्या घटकांवर जितकी पाने खर्ची पडली आहेत, तितकी ते साठविण्यावर पडलेली नाहीत. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, आणि त्याचे मूळ ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतील बुरशीत सापडले. अफ्लाटॉक्सिन हे नाव तेव्हापासून जगाला माहीत झाले. आपल्याकडे शेंगदाणा पेंड आणि मका यांची पोती जून ते सप्टेंबर या महिन्यांत ओलसर जमिनीवर, भिंतीला टेकवून थप्प्या लावलेली असतात. त्या बुरशीने यकृत बिघडते, आणि बलक यकृतातच घडत असल्यामुळे अंडे लहान होते, संख्या घटते, कवचही खालावते. म्हणजे कोष्टकाप्रमाणे बिनचूक मिसळलेले खाद्य कोठारात दोन महिन्यांत दुसरेच खाद्य होऊन बसते. पुढील आवृत्तीत लाकडी फळ्या, भिंतीपासूनचे अंतर आणि धान्यातील ओलावा यांसाठी स्वतंत्र प्रकरण असावे, असे मी ग्रंथकारांना कळविले आहे आणि त्यांनी ते मान्यही केले आहे.

ज्यांचा धंदा अंड्यांचा आहे आणि एकूण खर्चापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास रक्कम ज्यांच्या हातून पोत्यांवर जाते, त्यांनी ग्रंथ पहिल्या पानापासून वाचलाच पाहिजे असे नाही. होळी जवळ आली असेल तर कवचाचे आणि उन्हाळ्याचे प्रकरण प्रथम वाचावे; नव्या तलंगांची तुकडी नुकतीच आली असेल तर कॅल्शियमच्या मात्रेचे कोष्टक भिंतीवर लावावे; आणि सरकीची पेंड स्वस्त मिळत असल्याचा निरोप आला असेल, तर सौदा करण्यापूर्वी हिराकशीचे प्रमाण पाहून घ्यावे.